चुकून मराठी शिकलेले मास्तर

हैदराबादेत पन्नास-पन्नास वर्षं राहून मराठी विसरलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. आमच्या नात्यातच निम्मी तशी निघतील. पण हैदराबादेत येऊन नव्यानं मराठी शिकलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते सुदानचे होते, साठीला टेकलेले होते, पेशानं भूगोलाचे मास्तर होते, आणि मराठी ते चुकून शिकले होते. नल्लकुंट्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत ते दोन वर्षं आणि वर काही महिने राहिले. सहा फुटांहून जास्त उंची, घोट्यापर्यंत लोळणारा पांढरा अंगरखा, डोक्याला पांढऱ्याच कापडाचा ऐसपैस फेटा, आणि या सगळ्याखाली चिंचेच्या बोटकाएवढ्या बारीक आवाजात बोलणारा एक अत्यंत भिडस्त गृहस्थ. गच्चीवरची खोली बांधताना माझ्या वडिलांनी आमच्या घराण्याची उंची गृहीत धरली होती. त्यामुळे मास्तरांचं डोकं दिवसातून तीन-चारदा चौकटीवर आपटायचं, आणि दर वेळी ते चौकटीला हात लावून "सॉरी, सॉरी" म्हणायचे. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की माणूस कळवळून म्हणतो ना, तसं.

ते आमच्याकडे आले आईमुळे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि मास्तरांचं डोळ्याचं ऑपरेशन एकाच दवाखान्यात, एकाच सकाळी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही गेलो, तेव्हा बाकावर आईच्या उजव्या डोळ्याला पट्टी आणि शेजारी बसलेल्या या उंच माणसाच्या डाव्या डोळ्याला. दोघांचे मिळून दोन डोळे उघडे होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना होते, त्यामुळे एकमेकांना पाहण्यासाठी दोघांनाही पूर्ण मान वळवावी लागत होती. ते न करता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून दोघं तासभर बोलत बसले. आई मराठीत, मास्तर इंग्रजीत. मी औषधं घेऊन परत आले तर आई म्हणाली, "फार सज्जन माणूस आहे. त्यांच्या गावात दोन नद्या आहेत. बायको कडक आहे." हे तिला कुठून कळलं ते मी विचारलं नाही. आईला विचारून काही कळत नाही, हे मला फार पूर्वी कळलेलं आहे.

दोन महिन्यांत परत जाण्याच्या हिशेबानं ते आले होते. एक लहान बॅग, एक जाड वही आणि औषधांच्या चिठ्ठ्या. ऑपरेशन साधं, म्हणून बायकोही सोबत आली नव्हती. ती त्यांच्याच शाळेची मुख्याध्यापिका. परीक्षा तोंडावर आलेल्या. आणि मास्तरांची पट्टी निघून जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तोच त्यांच्या शहरात लढाई पेटली. विमानं बंद झाली. शाळा जळाली. ज्या घराची किल्ली त्यांच्या अंगरख्याच्या खिशात होती, त्या घराला भिंत उरली नाही, असं कुणीतरी फोनवर कळवलं. पुढच्या तपासणीला आईला ते पुन्हा त्याच बाकावर दिसले. या वेळी चारही डोळे उघडे होते, आणि आई म्हणते, मास्तरांच्या दोन डोळ्यांत काहीच नव्हतं. तिनं जास्त काही विचारलं नाही. "वरची खोली रिकामी आहे," एवढंच म्हणाली, आणि मला म्हणाली, "इंग्रजीत सांग त्यांना."

मी नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. शक्यता-अशक्यतांचा विचार करायची मला सवय आहे. अनोळखी माणूस, परका देश, कागदपत्रं, पोलीस ठाणं, शेजारीपाजारी, असं मी सगळं आईला रिक्षात समजावून सांगितलं. मास्तर ड्रायव्हरच्या शेजारी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ, सगळं खरं. पण तो माणूस आज रात्री जेवणार कुठे?" याला गणितात उत्तर नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांच्या हातून एक घोटाळा झाला. त्यांच्याकडे शिक्षकाला उस्ताज म्हणतात. गल्लीत कुणी नाव विचारलं की ते छातीवर हात ठेवून अदबीनं "उस्ताज" म्हणायचे. आता आमच्या हैदराबादेत उस्ताद म्हणजे गॅरेजवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गृहस्थ आपली बंद पडलेली स्कूटर ढकलत आमच्या फाटकाशी आले. मास्तरांना नाही म्हणता येत नसे. ते स्कूटरपाशी उकिडवे बसले, दुपारपर्यंत तिचे सगळे अवयव काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, आणि त्या मांडणीचं वहीत एक सुरेख चित्र काढलं. संध्याकाळी खरा मेकॅनिक बोलवावा लागला. त्यानं ते चित्र पाहून स्कूटर अर्ध्या तासात जोडली आणि चित्र मागून घेऊन गेला. पुढे गोंधळ नको म्हणून आईनं त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि सगळी गल्ली, तेलुगू काय, उर्दू काय, त्यांना मास्तरच म्हणू लागली. मास्तर आईला "मिसेस आई" म्हणत. मी तिला आई म्हणते हे ऐकून ते तिचं नाव आहे असा त्यांचा समज झाला होता, आणि बाईमाणसाला नुसत्या नावानं हाक मारणं त्यांना प्रशस्त वाटत नव्हतं.

पण त्यांची खरी ख्याती होती ती नमस्काराची. मास्तरांच्या देशात, ते सांगत, माणूस भेटला की नुसतं "कसं काय" म्हणून पुढे जाणं हा त्याचा अपमान असतो. तुम्ही कसे आहात, तब्येत कशी आहे, घर कसं आहे, वडील कसे आहेत, आई कशी आहे, मुलं एकेक करून कशी आहेत, प्रवास कसा झाला, झोप कशी लागली, आणि हे सगळं विचारून झालं की, आता सांगा, तुम्ही खरंच कसे आहात? आमच्या गल्लीत माणसं एकमेकांकडे मान हलवत, तीही स्कूटर चालू ठेवून. तिथे मास्तर सकाळी सातला फाटकाशी उभे राहत आणि इंग्रजीत, खाणाखुणांनी, जमेल तसं हे सगळं विचारत. पहिल्या महिन्यात गल्लीतले चार जण कामाला उशिरा पोहोचले. दूधवाल्यानं अर्धा तास आधी यायला सुरुवात केली. मला वाटलं मास्तरांना चुकवायला, पण नाही. तो पाच लिटरची किटली खाली ठेवून, भिंतीला टेकून, आपल्या सासूच्या गुडघ्याची हकिगत अथपासून इतीपर्यंत सांगायला येत असे. त्याला ती आजवर कुणी विचारलीच नव्हती.

कॉलनीच्या सेक्रेटरींना मात्र हे पसंत नव्हतं. एका रविवारी ते तक्रार घेऊनच आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "अम्मा, ये क्या कर रे तुम? ऐसे लोगां का क्या भरोसा? किराएदार बदलो, नई तो मीटिंग में बोलना पडता." आई पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात मास्तर जिन्यावरून उतरले. पाहुणा दिसला म्हटल्यावर त्यांनी फेटा सारखा केला, सेक्रेटरींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि इंग्रजीत सुरुवात केली. तब्येत, घर, मुलं. सेक्रेटरींचा मुलगा परदेशात असतो आणि दोन वर्षांत आलेला नाही, हे आम्हाला तीस वर्षांच्या शेजारात कळलं नव्हतं, ते मास्तरांना वीस मिनिटांत कळलं. आई पाणी घेऊन आली तेव्हा सेक्रेटरी चष्मा पुसत होते. "मैं फिर आता अम्मा," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले ते महिन्याभरानं. मास्तरांना परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत जायचं होतं, तेव्हा कागदांची फाइल स्वतः लावून घेऊन आले. मीटिंगचा विषय परत कुणी काढला नाही.

आता मराठीचं. इथली भाषा मला शिकवा, असं मास्तर पहिल्याच महिन्यात आईला म्हणाले. त्यांना हिंदी थोडी येत होती, पण ती सगळी लहानपणी तिकडच्या थिएटरात पाहिलेल्या सिनेमांतली. त्या हिंदीत फक्त प्रेम, न्याय आणि सूड एवढ्याच गोष्टी बोलता यायच्या. औषधाच्या दुकानात त्यांनी एकदा डोळ्यांचे थेंब मागताना "भगवान के लिए" म्हटलं होतं आणि दुकानदारानं घाबरून पाणी पाजलं होतं. तेव्हा इथली भाषा हवी. आईनं "इथली" म्हणजे या घरातली असं धरलं आणि रोज दुपारी चारला, चहाच्या वेळी, शिकवणी सुरू झाली. मास्तर जात्याच विद्यार्थी. तीन महिन्यांत त्यांना विभक्तीचे प्रत्यय पाठ झाले. "अहो, जरा बाजूला सरा", "आमटीला मीठ कमी आहे, पण चालेल" अशी वाक्यं ते न चुकता बोलू लागले. गल्लीत त्यांना जी दुसरी एक भाषा सतत ऐकू यायची, ती कुठली तरी बाहेरची असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग एक दिवस ते मोठ्या आत्मविश्वासानं बाजारात गेले. भाजीवाल्या यादम्माच्या गाडीपुढे उभे राहून म्हणाले, "ताई, मेथी कशी दिली?" यादम्मानं तेलुगूत काहीतरी विचारलं. मास्तरांनी वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश. यादम्मानं पुन्हा तेलुगूत, मोठ्यानं. मास्तर मेथी न घेता परत आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की मी विचारलं, काय झालं?

"ती बिचारी," ते मराठीत म्हणाले, "बाहेरून आलेली आहे. माझ्यासारखी. तिला इथली भाषा येत नाही. एकटीच गाडी लावते. किती कठीण असेल."

मी काही बोलायच्या आत ते उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज पंधरा मिनिटं यादम्माच्या गाडीशी उभं राहून तिला मराठी शिकवायला सुरुवात केली. वांगं दाखवायचे, "वांगं". ती म्हणायची, "वंकाय". मास्तर मान हलवून पुन्हा, "वांगं". यादम्माला वाटलं, या उंच पाहुण्याला डोक्याचा काही त्रास असावा, त्याला बोलतं ठेवलेलं बरं. आठवडाभर दोघं एकमेकांची अशी काळजी घेत राहिले. शेवटी मलाच राहवलं नाही. संध्याकाळी आईबरोबर गच्चीवर जाऊन मी सांगितलं की मास्तर, ही यादम्मा इथलीच आहे, तिचे आजोबा-पणजोबा इथले. बाहेरच्या म्हणाल तर आम्ही.

मास्तरांनी आईकडे वळून अत्यंत हळू आवाजात विचारलं, "मिसेस आई, तुम्ही कुठून पळून आलात?"

आईला हसू आवरेना. मग हसू ओसरलं आणि तिनं सांगितलं. तिचे वडील परभणीकडचे शेतकरी घरातले. कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून हैदराबादेत गौलीगुड्याला आले. तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. बिऱ्हाड लागलं, आई शाळेत जाऊ लागली, आणि एक दिवस राज्यांच्या वाटण्या झाल्या. गाव तिकडे गेलं, बिऱ्हाड इकडे राहिलं. "आम्ही कुठं गेलो नाही की आलो नाही," आई म्हणाली. "रेघच सरकली." मास्तरांनी वही काढली. तीस वर्षं ते मुलांना सीमारेषा शिकवत आले होते, म्हणाले. पण रेघेखाली सापडलेल्या माणसाशी ते पहिल्यांदाच बोलत होते. त्या दिवसानंतर ते तेलुगूही शिकले. जवळच्या दवाखान्यातल्या काही नर्सना नोकरीसाठी अरब देशांत जायचं होतं. त्या संध्याकाळी गच्चीवर त्यांच्याकडे अरबी शिकायला येत आणि फी म्हणून प्रत्येकीनं दर दिवशी एक तेलुगू शब्द द्यायचा, असा करार होता. पण मराठी त्यांनी सोडली नाही. "चुकून आली," म्हणत, "पण आली आहे, तर राहू दे."

आईचं आणि त्यांचं भांडणही एकदा झालं, तेही चांगलं दोन दिवसांचं. विषय ज्वारी. आईनं पहिल्यांदा भाकरी वाढली तेव्हा मास्तरांनी तुकडा मोडला, वास घेतला आणि डोळे मिटून बसले. त्यांच्याकडे याच धान्याच्या पातळ पोळ्या करतात. वर दाण्याच्या कुटाची भाजी पाहून तर ते उठून उभेच राहिले. अरबीत भुईमुगाला म्हणे सुदानी शेंग म्हणतात. इथपर्यंत आईनं ऐकून घेतलं. पण पुढे मास्तर म्हणाले की ज्वारीसुद्धा मूळची त्यांच्याच बाजूची, हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच इकडे आली. आईनं पोळपाट आपटला. "ज्वारी आमची परभणीची," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या शेतातली." दोन दिवस चारचा चहा वेगवेगळा झाला. मी गुपचूप फोनवर शोधून पाहिलं. मास्तरांचं खरं होतं. मी आईला ते आजतागायत सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः खाली आले आणि म्हणाले की वहीत पाहिलं, ज्वारी परभणीचीच. भूगोलाच्या मास्तरानं केवळ भाकरीसाठी सांगितलेलं ते एवढं एकच खोटं मला ठाऊक आहे.

त्यांची सगळ्यांत विलक्षण सवय म्हणजे स्वप्नांचे नकाशे. मास्तरांना रोज स्वप्न पडे आणि रोज ते रस्त्यांचं पडे. सकाळी कोवळं ऊन गच्चीवर उतरत असताना, शेजारच्या लिंबाची सावली जमिनीवर हलत असताना, ते बाजेवर बसून वहीत रात्रीचा नकाशा काढत. माणसं नाहीत, नुसत्या वाटा. सुरुवातीला सगळ्या ओमदुरमानच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या. मग हळूहळू वाटा एकमेकींत शिरायला लागल्या. तिकडच्या उंटबाजाराच्या टोकाला वळावं तर समोर बरकतपुऱ्याचा चौक. त्यांच्या शाळेच्या मागच्या दारातून बाहेर पडावं तर आमचा जिना. नदीचा घाट उतरता उतरता शेवटच्या पायरीवर यादम्माची गाडी, आणि तिच्यावर ओली मेथी. आई चहा घेऊन वर गेली की विचारायची, "आज कसं काय?" मास्तर वही लांब धरून अंदाज घेत. "आज बारा आणे तिकडचं, चार आणे इकडचं." काही महिन्यांनी निम्मं-निम्मं झालं. आपलं इथलं बस्तान कितपत बसलं, हे त्यांना शरणार्थ्याच्या कार्डावरून कळत नव्हतं, कचेरीतल्या शिक्क्यांवरून तर नाहीच. ते या वहीवरून कळत होतं. दिल्लीला जाऊन आणलेलं ते कार्ड ते औषधांच्या डबीत ठेवत आणि वही उशाशी.

मग एका सकाळी वही कोरी होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई बहिणीबरोबर एका ट्रकमधून उत्तरेकडे निघाल्या होत्या. तेवढा एक निरोप आला आणि मग त्यांचा फोन बंद. आता चौथा महिना. आम्हाला त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. रोज सकाळी सगळ्या गल्लीला आईबाप, मुलं, झोप, तब्येत विचारणारा माणूस, आणि त्याला उलट विचारायचं आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं. आई त्या दिवशी जेवली नाही.

त्याच सुमारास मास्तरांनी तिला विचारलं की नकाशावर या शहरात दोन नद्या एकमेकींना मिळताना दिसतात, ती जागा तुम्ही पाहिली आहे का? आईनं इथल्या सत्तर वर्षांत पाहिली नव्हती. मीही नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिघं रिक्षानं लंगरहौजला गेलो. मुसी आणि ईसी. दोघीही नावालाच नद्या. पाणी काळसर, त्यावर साबणासारखा फेस, काठानं जलपर्णी, आणि मधोमध एक म्हैस शांतपणे उभी. मला लाज वाटली. मास्तर मात्र काठावर बसले आणि पाण्याकडे असे पाहत राहिले, जणू ते कुठल्या तरी दुसऱ्याच पाण्याच्या वरून वाहत होतं. सकाळ ढगाळ होती. वारा आला की फेसाचे पुंजके सुटून उडायचे आणि पलीकडच्या गवतावर पांढऱ्या पक्ष्यांसारखे बसायचे.

"आमच्याकडे," ते म्हणाले, "एक नदी पांढरी, एक निळी. भेटल्यावरसुद्धा बराच वेळ शेजारी-शेजारी चालतात. मधली रेघ दिसते. मी दर वर्षी मुलांना होडीतून दाखवायला न्यायचो. पहिल्या वर्षी एका मुलाची चप्पल पाण्यात पडली. मुख्याध्यापिकाबाई मला सगळ्यांसमोर रागावल्या. मग सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं."

आई पर्स मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. तिनं विचारलं, "मिसळतात का पण शेवटी?"

"मिसळतात, मिसेस आई. पण कुठे, ते बोटानं दाखवता येत नाही. मुलं विचारायची. तीस वर्षांत मला ती जागा दाखवता आली नाही." आणि मग ते रडले. आवाज न करता, ताठ बसून, फेट्याचं टोक डोळ्यांना लावून. नव्या डोळ्याला जपून. आई सरकत सरकत त्यांच्या पायरीवर जाऊन बसली, एवढंच. आम्ही म्हैस बाहेर येईपर्यंत तिथे होतो.

निरोप आला तो पाच-सहा आठवड्यांनी, भर दुपारी, बाजारात. मास्तर यादम्माच्या गाडीशी उभे होते. अनोळखी नंबरवरून बोलून पाठवलेला एक संदेश. मास्तरांनी फोन यादम्मापुढे धरला, तिनंच तो दाबला, आणि त्यातून एका बाईचा खणखणीत, चिडलेला आवाज साऱ्या बाजारात घुमला. मास्तर टोमॅटोच्या ढिगाला धरून उभे राहिले. त्यांनी तो संदेश सात वेळा लावला. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण दोन-चार गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकत राहिली. "काय म्हणतात?" मी संध्याकाळी विचारलं. मास्तर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "विचारते, डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला होता, तो केलास की अजून नाही? आणि मग शेवटी सांगते की ती जिवंत आहे." चष्मा त्यांनी केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच त्यांना धरून घेऊन गेली.

बाई बहिणीसह कैरोला पोहोचल्या. रोज फोन होऊ लागले. पण बाईंना इकडे येता येईना, यांना तिकडे जाता येईना. अर्ज, मुलाखती, वैद्यकीय तपासण्या, यात वर्ष गेलं. अखेर उत्तरेकडच्या एका थंड देशानं दोघांना घ्यायचं कबूल केलं, यांनी इथून जायचं, बाईंनी तिथून. पत्र आलं त्या दिवशी मी पेढे आणले. मास्तरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "आत्ता कुठे इथे वाट न विचारता घरी येता येतं," ते म्हणाले. "एका माणसानं किती वेळा नवं गाव शिकायचं?" मी पेढ्यांचा पुडा मिटवला. आईला ते पटलं नाही. "बायको तिकडे आणि तुम्ही इथे बसून आमची कढी पिणार?" ती म्हणाली. "जा मुकाट." मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ते गेले मे महिन्यात. आईनं सुलतानबाजारात ऐन उन्हाळ्यात लोकरी स्वेटर शोधला. दुकानदारानं माळ्यावरून सगळ्यांत मोठा काढून दिला, तरी बाह्या कोपराच्या खाली जेमतेम उतरल्या. मास्तरांनी तो बेचाळीस डिग्रीत, अंगरख्यावर, गल्लीतच घातला आणि सगळ्यांना दाखवला. रिक्षा आली. सेक्रेटरींनी बॅग ठेवली. यादम्मा गाडी सोडून आली होती. मास्तर आईसमोर उभे राहिले आणि त्यांना काही बोलताच येईना. ना मराठीत, ना कुठल्या भाषेत. आईनं त्यांच्या स्वेटरची कॉलर सारखी केली. "निघा," म्हणाली, "उशीर होतो."

खोली अजून तशीच आहे. मध्यंतरी पुण्याचं एक तरुण जोडपं पाहून गेलं, दोघंही संगणकाच्या नोकरीत, गोड बोलणारी मुलं. खोली त्यांना आवडली. "अजून ठरलं नाही," आई म्हणाली. काय ठरायचं आहे ते तिनं मला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तिकडून फोन आला. मास्तर नव्हते, कुठल्याशा वर्गाला गेले होते, नवी भाषा शिकायला. फोनवर मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांना इंग्रजी तुटपुंजं, मला अरबी अजिबात नाही, म्हणून मी ठेवायच्या बेतात होते, तर आईनं हात पुढे केला. मग दोघी बोलल्या. ती अरबीत, ही मराठीत, मधे न थांबता, एकमेकींचं बोलणं तोडत, वीस-पंचवीस मिनिटं. एकदा आई हसली. एकदा तिनं "अगंबाई" म्हटलं. शेवटी दोघी गप्प झाल्या, पण फोन कुणीच ठेवला नाही.

मी खुणेनं विचारलं, काय म्हणतात?

"म्हणते, जेवतात नीट, पण झोपत नाहीत," आई म्हणाली. "उठून खिडकीशी बसतात."

"तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडून आता काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. मी हात पुढे केला. आईनं फोन दिला नाही.